कॅपो आणि स्वरलेखन

गायक पेटीवाल्याला ‘काळी चार’ म्हणून सांगतो. तेवढ्याने षड्ज ठरतो आणि बाकीचे स्वर आपापल्या जागी बसतात. चीज पंडित भातखंडे यांच्या लिपीत लिहिलेली असेल, तर पट्टी बदलली तरी कागदावरचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. कारण ती लिपी स्वराचे षड्जाशी असलेले नाते लिहिते. पाश्चात्त्यांच्या पाच रेषांच्या लिपीची रीत निराळी. तिच्यात प्रत्येक स्वराची उंची ठरलेली. पट्टी बदलली की पान नव्याने लिहावे लागते. गिटारचा कॅपो या दोन रीतींच्या मध्ये उभा आहे, आणि म्हणूनच तो लिहिताना घोटाळा होतो.

कॅपो म्हणजे गिटारच्या पडद्यांवर सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. तो एक पडदा पुढे सरकला की सर्व तारा अर्ध्या स्वराने चढतात. तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून वादकाने ‘जी’ कॉर्डची बोटे ठेवली, तर कानी पडते ती ‘बी-फ्लॅट’ची कॉर्ड. बोटांची सोपी ठेवण आणि मोकळ्या तारांचा गुंजारव कायम राहून गायकाची पट्टी साधते, हा त्यातला लाभ. ‘बीटल्स’पैकी जॉर्ज हॅरिसन यांचे १९६९ सालचे ‘हिअर कम्स द सन’ हे गीत असेच आहे. कॅपो सातव्या पडद्यावर, बोटे ‘डी’ची, आणि गाणे ऐकू येते ‘ए’ पट्टीत.

आता अडचण पाहा. पानावर नुसते ‘जी, सी, डी’ लिहिले, तर गिटारवाला खूष. पण शेजारी बसलेला पियानोवाला तेच वाचून वाजवील आणि दोघांत तीन अर्धस्वरांचे अंतर पडेल. नुसते ‘बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ’ लिहिले, तर पियानोवाल्याचे भागते. गिटारवाल्याला मात्र प्रत्येक कॉर्ड मनातल्या मनात उतरवावी लागते.

यावर उपाय एकच : दोन्ही नावे लिहावीत. ऐकू येणारी कॉर्ड मुख्य, बोटांची कॉर्ड कंसात, आणि आरंभी ‘कॅपो ३’ अशी सूचना. हिशेब सोपा आहे. कॅपोचा पडदा जितकवा, तितके अर्धस्वर खाली मोजावेत. ‘बी-फ्लॅट’ची ‘जी’ होते, ‘जी मायनर’ची ‘ई मायनर’.

संगणकावर स्वरलेखन करणाऱ्या ‘म्यूझस्कोर’सारख्या प्रणाली हा हिशेब स्वतः करतात. आपण खऱ्या कॉर्डी लिहावयाच्या. कॉर्डलेखनाच्या मांडणीत कॅपोच्या पडद्याचा आकडा भरला, की कंसातली नावे आपोआप छापली जातात. उलट बोटांची नावेच मुख्य म्हणून लिहिली, तर यंत्र तीच वाजवून दाखविते आणि साथ गाण्याशी जुळत नाही. नोटेशनमध्ये कॅपोचे चिन्हही घालता येते. पण लिहिलेले स्वर बोटांचे आहेत की कानाचे, हे आधी ठरवावे, नाहीतर चढ दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

यंत्राला आकडेमोड येते. पान कोणासाठी लिहावयाचे, हे मात्र आपणच ठरवावे लागते. एकाच पानावरून दोघे वाजविणार असतील, तर त्या पानाने दोघांशी खरे बोलावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.