छंदाच्या रकान्यात काय लिहायचे?

शाळेच्या बऱ्याच फॉर्मवर 'छंद' असा एक रकाना असतो. आम्ही दरवर्षी ते फॉर्म गोळा करतो आणि दरवर्षी त्यात तीच उत्तरे असतात. मुलगे 'क्रिकेट' लिहितात, मुली 'वाचन' लिहितात; काय वाचतेस असे विचारले की मान खाली जाते. काहीजण रकाना रिकामा ठेवतात. तेच सगळ्यांत प्रामाणिक, असे आम्हांला वाटते. पुढे मुलीच्या लग्नाचा बायोडेटा तयार होतो तेव्हा हाच रकाना परत येतो आणि 'स्वयंपाक, शिवणकाम, मेहंदी' अशी ओळ त्यात भरली जाते. बहुतेक वेळा ती ओळ मुलीने लिहिलेली नसते.

आपल्या घरांत या गोष्टीला दोन शब्द आहेत: शौक आणि नाद. दोन्ही शब्दांना आपण डाग लावून ठेवला आहे. 'शौक लग गया' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पत्ते, कबुतरे नाहीतर सिगारेट उभी राहते. 'नादाला लागला' म्हटले की पोरगा हातचा गेला. इल्मचा शौकही याच शब्दाने सांगतात, हे कुणाला आठवत नाही.

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर आमची कुंभारी लागते. इथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली दहा हजार घरे त्यांच्या नावावर झाली. जवळच्या रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी दिला गेला. लहान घरे, मोठी कुटुंबे. मांडीवर सूप घेऊन बसलेली अम्मी सकाळपासून पाने गुंडाळते; मजुरी हजारावर, त्यामुळे हात थांबला की मजुरी थांबली. अशा घरात जाऊन 'मुलांना छंद लावा' असे सांगण्याची हिंमत आम्हांला होत नाही. तसे सांगायची गरजही नाही. शौक लावावा लागत नाही, तो लागतो. मोठ्यांनी एवढेच पाहायचे की तो केराबरोबर बाहेर जाऊ नये.

यासाठी मुंबईच्या खेतवाडीतल्या एका मुलाची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. सलीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आईवडिलांचे छत्र अगदी लहानपणी गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढला. मामांनी त्याला एक छर्‍याची बंदूक दिली. त्या काळच्या मुलांसारखा हाही चिमण्या मारत फिरायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी खायला चालते, पण ही चालेल का? हलालचा प्रश्न घेऊन पोर मामांकडे गेले. पक्षी मामांनाही ओळखता आला नाही.

इथे मामांनी काय केले ते पाहा. 'चल, अभ्यासाला बस' म्हणाले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड इंग्रज साहेब, पोर घाबरलेले. पण साहेबांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतले भुसा भरून ठेवलेले पक्षी कपाटे उघडून दाखवले आणि नोंदी कशा ठेवायच्या ते समजावले. सलीम अलींनी पुढे आत्मचरित्र लिहिले त्याचे नावच 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असे ठेवले.

त्याच बालवयातली त्यांची आणखी एक नोंद आहे. एक चिमणी भिंतीतल्या भोकात अंड्यांवर बसलेली, नर बाहेर पहारा देणारा. मुलाने नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर तिथे हजर. असे आठवड्यात आठ नर झाले आणि प्रत्येक वेळी नवा आला. आज वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण मुलाने ते लिहून ठेवले होते आणि सुमारे साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली. चिमणी मारणारी मुले त्या काळी हजारो असतील. लिहून ठेवणारा एक निघाला.

या माणसाला कॉलेजात गणिताने हैराण केले होते. शिक्षण अर्धे सोडून तो ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व्यवसायाला गेला, तिथेही पक्षीच बघत बसला. पुढे मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली, जर्मनीला जाऊन शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि १९३० मध्ये परत येतो तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणीची वसाहत होती. बेकार माणूस रोज उठून घरटी न्याहाळू लागला. त्यातून कळले ते असे: घरटे नर बांधतो, तेही अर्धेच. मादी येते, तपासते, पसंत पडले तर आत मुक्काम करते आणि मग नर ते पुरे करतो. लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. आपण मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि घरातल्या बायकांची तारीफ करायला तेच नाव वापरतो. प्रत्यक्षात विणकाम बाप्याचे. सोलापूरच्या यंत्रमागवाल्या मोमीन भाईंना हे ऐकून बरे वाटेल.

'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आले. नंतर डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड झाले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. सुरुवात कशाने झाली, तर मामांच्या एका चिठ्ठीने.

आता आमच्या पाहण्यातली एक वही. आठवीतल्या मुलीची, साधी दुरेघी. शाळेत येता-जाता आणि घराच्या छतावरून दिसलेल्या पक्ष्यांची नावे तिने तारखेसह लिहिली होती: वेडा राघू, खंड्या, कोतवाल, टिटवी, भारद्वाज, शिंजीर. नाव माहीत नसेल तिथे चित्र आणि 'शेपूट खालीवर करतो' अशी खूण. तिने आम्हांला ती दोनदा दाखवली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा कळले की घर बदलताना रद्दीत गेली. तिच्या अम्मीचा स्वभाव मायाळू. मुलीचे काही बिघडवावे असे तिच्या मनातही नव्हते. ती सहज म्हणाली, "इस्कूल की कापी नै थी ना वो." शाळेची वही असती तर जपली असती! मुलगी हसली आणि विषय संपला. ती नंतर पक्षी बघते की नाही, माहीत नाही. नवी वही तिने केली नाही.

पक्ष्यांचा शौक इथल्या मातीला परका मुळीच नाही. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरातच जन्मले. वनखात्यात नोकरी करताना जंगलातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे विचारून विचारून त्यांनी टिपली. त्या टिपणांतून 'पक्षीकोश' उभा राहिला. २००६ मध्ये सोलापुरात मराठी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष तेच होते. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच ते गेले. शहराच्या दुसऱ्या अंगाला नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोक आता दिसणे नशिबाची गोष्ट, पण काळवीट दिसतात. हिप्परग्याच्या तलावावर थंडीत परदेशी बदके उतरतात; बघायला तिकीट लागत नाही.

मुलग्यांचे शौक वेगळ्या वाटेने जातात. एकाच्या भूगोलाच्या वहीत मागच्या पानांवर सगळी जंगी जहाजे. समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही. 'हे काय कामाचे?' असे त्याचे अब्बा विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की त्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकात नसलेला इतिहास माहीत आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडाची 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली आणि १८१७ साली ती पाण्यात सोडली. इंग्लंडमध्ये तेव्हा जहाजांसाठी ओक लाकूड पुरेनासे झाले होते. नकाशे घेऊन येणारे 'जावा' जहाज वाटेत अमेरिकनांनी लढाईत बुडवले, म्हणून दुसरे नकाशे यावे लागले. दोनशे वर्षे उलटली तरी ते जहाज हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. तिकडच्या हौशी लोकांनी खपून ते दुरुस्त केले. आपली 'विक्रांत' मात्र १९६१ पासून १९९७ पर्यंत सेवेत राहिली, १९७१ च्या युद्धात लढली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. वाचवण्यासाठी लोक कोर्टापर्यंत गेले, उपयोग झाला नाही. लोखंडी जहाज जपायला फार पैसा लागतो हे मान्य. तरी वाईट वाटते.

याच मुलाने आम्हांला विचारले, १९४६ च्या नाविकांच्या उठावाचा पुढारी कोण? मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर १८ फेब्रुवारीला संप सुरू झाला. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते आणि उपाध्यक्ष मदन सिंग. हे दोघे एकत्र निवडले गेले, त्या दिवसांत, जेव्हा बाहेर हिंदू-मुसलमान वेगळे करण्याची घाई चालली होती. वर्गात हा धडा आम्ही घेतला तो त्या मागच्या पानांमुळे.

जुन्या टीव्हीच्या शौकाबद्दल मात्र थोडे सावध राहून लिहितो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, रंगीत चित्र १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर आले. लाकडी पेटीचे, सरकत्या दाराचे वेस्टन, क्राऊन, ईसी हे संच अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भंगारगाडीवर दिसतात. हाताने काम शिकू पाहणारी पोरे ते उघडतात. उघडू द्या, पण जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली. चित्रनळीत दहा-वीस हजार व्होल्टचा दाब चालतो आणि प्लग काढल्यावरही भार उरलेला असू शकतो. नळी निर्वात असते. फुटली तर काचा उडतात. शिवाय अँटेनावर आता काही येत नाही. जुना संच चालवायचा तर सेट-टॉप बॉक्स आणि मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागतो. हे एवढे समजून ज्याने काळ्या पडद्यावर चित्र आणले, त्याला आयटीआयच्या पहिल्या वर्षाला कुणी घाबरवू शकणार नाही.

भंगाराला नाक मुरडणाऱ्यांनी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पाहावे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरोघरचे दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी गोळा करायला सुरुवात केली. लोक ज्याला अडगळ म्हणत, ते. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने संग्रह वाढत राहिला आणि १९७५ साली त्यांनी तो सगळा सरकारला देऊन टाकला.

राहिला योग. मुलांबद्दल बोलता बोलता अम्मी मागे पडते, म्हणून हे शेवटी. विडी वळणारीची मान तासन्‌तास खाली, पाठ वाकलेली, गुडघे दुमडलेले. तिला शौकासाठी वेळ नाही, पण दुखण्यासाठी वेळ काढावाच लागतो. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार लहानपणी इतके आजारी असत की हातपाय काड्यांसारखे होते. ते १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि खुर्ची, भिंत, पट्टा, लाकडी ठोकळा यांच्या आधाराने साध्या माणसालाही आसने जमतील अशी पद्धत त्यांनी बसवली. काही घरांत योग म्हटले की मंत्राची शंका येते. ज्यांना मंत्र म्हणायचा नाही त्यांनी म्हणू नये. भिंतीला टाच, पाठ आणि डोके लावून ताठ उभे राहायला काही म्हणावे लागत नाही. पोटुशी बाई असेल, रक्तदाब किंवा मणक्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

वसाहतीतल्या काही जणी असरनंतर, मगरिबच्या आधी, पंधरा मिनिटे हे करू लागल्या आहेत. सूप बाजूला ठेवायचे, भिंतीला पाठ लावायची, हात वर ताणायचे. लेकी मोजतात: एक ते वीस, मग परत. कालपरवा एकीने सांगितले की मोजता मोजता तिची मुलगी समोरच्या तारेवरचे पोपट मोजू लागली आणि आकडा चुकला.