मृत्तिकावासी माइट : अधिवास, वैविध्य व उत्क्रांती

अरण्यातील पालापाचोळ्याचा वरचा कोरडा थर बाजूस सारून त्याखालची ओलसर, काळपट माती मूठभर उचलली, तर तीत नुसत्या डोळ्यांस सहसा कसलीच हालचाल दिसत नाही. तीच माती भिंगाखाली पसरली असता मात्र मोहरीच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी व चकचकीत असे अनेक जीव मंदगतीने चालताना आढळतात. हेच मृत्तिकावासी माइट होत.

माइट हे कीटक नव्हेत. संधिपाद संघाच्या अष्टपाद वर्गात कोळी व विंचू यांच्याबरोबर त्यांची गणना होते, आणि गुराढोरांच्या अंगावर आढळणारी गोचीड ही त्यांची निकटची आप्त होय. प्रौढ माइटास पायांच्या चार जोड्या असतात. अंड्यातून निघालेल्या डिंभास मात्र तीनच. आजवर माइटांच्या ५०,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले असून, त्यांपैकी सुमारे ११,००० जाती ओरिबॅटिडा या मुख्यतः मातीत राहणाऱ्या गटाच्या आहेत. त्यांच्या कठीण कवचामुळे त्या इवल्याशा भुंग्यांसारख्या दिसतात. त्यांच्याच शेजारी मेसोस्टिग्माटा गटातील चपळ शिकारी माइट सूत्रकृमी व अन्य सूक्ष्म प्राणी यांवर उपजीविका करतात.

हे जीव मातीतून वेगळे कसे काढावे, हा प्रश्न इटालियन शास्त्रज्ञ अँटोनिओ बेर्लेसे याने १९०५ मध्ये सोडविला. त्याने चाळणीवर माती ठेवून तीखाली एक नरसाळे बसविले व ते गरम पाण्याने तापविले. माती वरून सुकू लागताच ओलाव्याच्या शोधात प्राणी खाली सरकतात व अखेर नरसाळ्यातून खालच्या बाटलीत पडतात. १९१८ मध्ये स्वीडनमधील आल्बर्ट टुलग्रेन याने पाण्याऐवजी विजेचा दिवा योजिला. आजही जगभर हीच युक्ती वापरली जाते. तिच्या साहाय्याने केलेल्या गणनेत शीत प्रदेशातील अरण्यांच्या एका चौरस मीटर भूमीत माइटांची संख्या काही लाखांपर्यंत भरते.

इतके जीव मातीत करतात तरी काय? पाने कुजविण्याचे बहुतांश रासायनिक कार्य जीवाणू व कवके यांचे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ओरिबॅटिड माइट कुजकी पाने व कवकतंतू कुरतडून त्यांचे बारीक विष्ठाकणांत रूपांतर करतात. त्यामुळे सूक्ष्मजीवांस कार्य करण्यास अधिक पृष्ठभाग लाभतो. शिवाय कवकांची बीजुके माइटांच्या अंगास चिकटून दूरवर पोहोचतात. अशा रीतीने, स्वतः थोडेच पचवूनही, हे जीव कुजण्याच्या क्रियेची गती बदलू शकतात.

एकाच मूठभर मातीत अनेक जाती परस्परांस हुसकावून न लावता कशा नांदतात, हे मात्र दीर्घकाळ कोडेच होते. १९७५ मध्ये जे. एम. अँडरसन याने ते स्पष्टपणे मांडले. सर्वच जाती कुजके पान खात असतील, तर त्यांत स्पर्धा अटळ ठरावी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून त्यांच्या आहाराचा माग काढण्यात आला. तेव्हा काही जाती शैवाले व दगडफूल, काही पाचोळा, काही कवके, तर काही प्राणिज पदार्थ खातात, असे दिसून आले. जो समूह एकाच पंगतीत बसल्यासारखा भासत होता, त्यातील जातींची पाने वस्तुतः वेगवेगळी होती. अर्थात एवढ्याने संपूर्ण वैविध्याचा उलगडा होतो असे नव्हे. मातीतील सूक्ष्म पोकळ्यांची विविधता हेही त्याचे एक कारण मानले जाते.

या कुळाची प्राचीनता विस्मयकारक आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत माइटांचे जीवाश्म सापडले असून, त्यांचे वर्णन १९२३ मध्ये झाले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील गिल्बोआ येथे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे ओरिबॅटिड माइटही मिळाले आहेत. भूमीवर पहिली अरण्ये उभी राहत होती, त्याच काळी त्यांच्या तळाशी हे जीव वावरत होते. घरातील धुळीत राहणारे व खरूज उत्पन्न करणारे माइट हे याच मृत्तिकावासी पूर्वजांपासून निपजले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

उत्क्रांतिशास्त्रास त्यांनी घातलेले दुसरे कोडे अधिक बिकट आहे. ओरिबॅटिडांच्या सुमारे दहा टक्के जातींत नर जवळजवळ नसतातच. मादी अनिषेकजननाने माद्यांनाच जन्म देते. नर-मादीच्या संयोगाविना चालणारा वंश लवकरच खुंटतो, ही सर्वमान्य समजूत होय. तथापि ओपिएला नोव्हा या जातीच्या जनुकांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तिचा वंश दीर्घकाळ अशाच रीतीने चालत आल्याचे दर्शवितो. मृत्तिकेतील स्थिर परिस्थिती व मुबलक अन्न हे याचे कारण असावे, असे एक मत आहे.

या अभ्यासास व्यावहारिक बाजूही आहे. मेंढ्या व शेळ्या यांच्या आतड्यांत आढळणाऱ्या मोनिएझिया या पट्टकृमीची बाल्यावस्था ओरिबॅटिड माइटांच्या शरीरात पूर्ण होते, हे स्टंकार्ड याने १९३७ मध्ये दाखवून दिले. ओलसर वेळी माइट गवतावर चढतात व चरणारी कोकरे ते नकळत गिळतात. म्हणूनच मेंढपाळाच्या दृष्टीनेही कुरणातील माती ही निव्वळ माती नव्हे.

तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट या प्राण्यांच्या संथ जीवनक्रमात आहे. अनेक ओरिबॅटिड माद्या थोडीच अंडी घालतात, आणि शीत प्रदेशात अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत पोहोचण्यास एक वर्ष वा त्याहूनही अधिक काळ लागतो. वारंवार खोल नांगरट केल्यास, पाचोळा जाळल्यास वा जमीन तुडवून घट्ट झाल्यास मातीतील पोकळ्या व अन्न दोन्ही नष्ट होतात, आणि घटलेली संख्या सहजासहजी भरून येत नाही. यामुळेच एखाद्या भूमीत कोणत्या जातींचे माइट उरले आहेत, यावरून तिच्या पूर्वस्थितीचा व आरोग्याचा अंदाज बांधता येतो. चाळीस कोटी वर्षे जे टिकले, ते काही हंगामांत उजाड होऊ शकते, हे भूमीचा उपयोग करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.