रॅस घेताय? आधी त्याची झोप विचारा!

नवी मुंबईच्या खाडीकडे बघितलं तर चिखल, खारफुटी आणि सीझनला फ्लेमिंगो. निळ्याशार पाण्यातले रंगीत मासे बघायचे तर हॉलमध्येच समुद्र मांडावा लागतो. तो एकदा सेट झाला की पहिला मोह होतो रॅसचा. लाल, जांभळा, पोपटी... एकाच माशावर अख्खी रंगपंचमी! मग दुकानात 'हा पण द्या, तो पण द्या' सुरू होतं. आणि आठवड्याभरात एक मासा फरशीवर वाळलेला सापडतो, दुसरा दगडामागून बाहेरच येत नाही.

असं का होतं? बहुतेक रॅस आधी मादी असतात, पुढे त्यातली दांडगी मादी नर होते आणि भडक रंग येतात तेव्हाच. म्हणजे फक्त रंग बघून तीन मासे उचलले, तर तुम्ही तीन दादा एकाच खोलीत कोंडलेत. त्यामुळे एका प्रकारचा एकच नर ठेवा. आणि दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: हा मोठा केवढा होतो, झोपतो कुठे, त्रास कोणाला देतो?

फेअरी आणि फ्लॅशर रॅस ही शांत मंडळी. पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात, प्रवाळाच्या वाटेला जात नाहीत. रात्री कपारीत शिरून अंगाभोवती चिकट कोष विणतात आणि मस्त झोपतात. पण घाबरले की थेट बाहेर उडी! जाळीचं झाकण मस्ट.

येलो आणि मेलानुरस वाळूत घुसून झोपतात. त्यांना किमान ५ सेंटीमीटर बारीक वाळू हवी. पहिले एक-दोन दिवस गायब झाले तर वाळू उकरत बसू नका. लेपर्ड रॅसही वाळूतलाच, पण खाण्याचे नखरे फार. पहिल्याच टँकला नकोच.

सिक्स-लाइन जेमतेम बोटाएवढा, पण एरिया त्याचा! आधी सोडलात तर नंतर येणाऱ्याची खैर नाही. घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा. मून रॅस दिसतो देखणा, पण वाढतो साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत आणि टँकमधली कोळंबी फस्त करतो.

क्लीनर रॅस मात्र समुद्रातच राहू द्या. २०१९ मध्ये जपानच्या संशोधकांनी दाखवलं की आरशात बघून हा मासा स्वतःच्या गळ्यावरचा डाग घासून काढायचा प्रयत्न करतो. एवढा हुशार! पण तो जगतो मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन. घरच्या टँकमध्ये ते पुरत नाहीत, आणि तो हळूहळू उपाशी मरतो.

तीन फुटी टँक असेल तर एक फेअरी आणि एक येलो, एवढ्यावर थांबा. आणि हो, सजावटीसाठी कोणी समुद्रातल्या कडक प्रवाळाचा तुकडा 'चालतंय रे' म्हणत पुढे केला तर सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. सिरॅमिकच्या दगडातही रॅसला छान झोप लागते.

दुकानातले बहुतेक रॅस समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. त्यांनी घर बदललंय ते आपल्या हौसेसाठी. मग निदान झोपायची सोय तरी त्यांच्या पसंतीची करूया!