शंभरापेक्षा नऊ मोठे कसे?

समजा, तीन मुलांचे गुण 100, 35 आणि 9 आहेत. ते उतरत्या क्रमाने लावणारा छोटा प्रोग्रॅम मुलांनी पायथॉन भाषेत लिहिला. संगणकाने उत्तर दिले: 9, 35, 100. म्हणजे नऊ गुणवाल्याचा पहिला नंबर आणि शंभरवाला तळाला! असे का झाले?

कळफलकावरून घेतलेला मजकूर पायथॉनच्या लेखी संख्या नसते. ती अक्षरांची माळ असते. दोन माळांची तुलना संगणक शब्दकोशाच्या रीतीने करतो. डावीकडचे पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तर दुसरे पाहायचे. जिथे फरक आढळेल तिथेच निकाल. येथे ‘1’, ‘3’ आणि ‘9’ या पहिल्याच चिन्हांत फरक आहे. शंभरातली शून्ये पाहण्याची वेळच येत नाही.

चिन्हांमधले लहानमोठेपण ठरते त्यांच्या सांकेतिक क्रमांकावरून. आस्की संकेतात ‘0’ चा क्रमांक 48, तर ‘9’ चा 57 आहे. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा 65 आणि छोट्या ‘ए’चा 97. त्यामुळे एकच नाव एकदा मोठ्या आणि एकदा छोट्या लिपीत लिहिले, तर संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात.

यावरचा उपाय सोपा आहे. गुण असतील तर तुलनेपूर्वी माळेचे संख्येत रूपांतर करावे. इंग्रजी नावे असतील तर दोन्ही आधी छोट्या लिपीत आणावीत.

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 2353 हे एकच चिन्ह, किंवा ‘र’ (2352) आणि त्यापुढे नुक्ता (2364). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक म्हणतो, शब्द वेगळे! यादीत शोधलेले नाव मग सापडतच नाही. अशा वेळी दोन्ही शब्द आधी एकाच प्रमाण रूपात आणावे लागतात.

वर्गात हे संगणकाशिवायही करून पाहता येईल. 7, 12, 105 आणि 20 अशी कार्डे मुलांना द्या आणि संगणकाच्या नियमाने ती चढत्या क्रमाने लावायला सांगा. 105, 12, 20, 7 असा क्रम आला, की नियम समजला. मग विचारा, यात चूक कोणाची? संगणक सांगितलेलेच करतो. आपण तुलना संख्यांची करतो आहोत की अक्षरांची, हे आपणच आधी ठरवायला हवे.