गुळ्याची रोजकीर्द

घरात कुत्र्याचे पिलू आणावयाचे की नाही, या प्रश्नावर गेल्या आषाढात आमच्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी चिरंजीवांच्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या धाकट्या बंधूंची बेदाण्याची आडत आहे. त्यांच्या गोदामात, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला, एका भटक्या कुत्रीने ज्येष्ठ महिन्यात चार पिले दिली. हमालांनी तिला भाकरी घालून जगविले. नऊ वर्षांची माझी नात दर रविवारी काकाआजोबांबरोबर पेढीवर जाऊ लागली आणि त्यांतील गुळाच्या रंगाच्या एका पिलावर तिचा जीव जडला. नावही तिनेच ठेवले, गुळ्या.

माझ्या मातोश्रींचे वय ८५. त्यांचे आक्षेप तीन होते. चातुर्मासात मुनिमहाराजांसाठी घरी चौका लागतो, त्याच्या शुद्धीचे काय? कुत्र्यासाठी घरात अभक्ष्य येणार नाही, याची हमी कोण देणार? आणि त्याची घाण कोण काढणार? स्वयंपाकघराचा आणि देव्हाऱ्याच्या खोलीचा उंबरा पिलाने ओलांडावयाचा नाही, हे मी तत्काळ मान्य केले. आहाराविषयी पशुवैद्यांना विचारून ठरवू, असे सांगितले. तिसरी बाब मी स्वतःच्या अंगावर घेतली. पस्तीस वर्षे बँकेत इतरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला अडीच किलो वजनाच्या प्राण्याचे वेळापत्रक सांभाळता येणार नाही, असे मला मुळीच वाटले नव्हते.

पिलू आईपासून लवकर तोडू नये, ही पहिली गोष्ट. आठ आठवड्यांपूर्वी वेगळे केलेले पिलू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव अधिक असतो. चावताना किती जोर लावावा, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी विक्रेत्यांनाही आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई केली आहे. आमचे पिलू विकतचे नव्हते, तरी आम्ही आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबलो. श्रावणातल्या एका पावसाळी संध्याकाळी गुळ्या घरी आला. गोदामात त्याची आई ज्या गोणपाटावर झोपत असे, त्याचा एक तुकडाही बंधूंनी आठवणीने आणला. त्या तुकड्याचा उपयोग पुढे फार झाला. पहिल्या रात्री पिलू रडते ते हट्टाने नव्हे. जन्मल्यापासून ते कधी एकटे झोपलेलेच नसते. पुठ्ठ्याचे खोके माझ्या पलंगाशेजारी ठेवले, त्यात तो गोणपाट, आणि कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून. मध्येच कण्हला तर हात खाली सोडावयाचा. चौथ्या रात्री तो झोपला. मी मात्र झोपलो नाही, कारण दोन वाजता त्याला परसात न्यावयाचे होते.

आता मूळ विषयाकडे येतो. पहिले तीन आठवडे मी जे केले, ते सांगताना संकोच वाटतो. गुळ्या घरभर लघवी करीत असे आणि मी ती पुसत असे, यापलीकडे पद्धत अशी काही नव्हतीच. भाद्रपद लागला. गणेशचतुर्थीच्या सकाळी गल्लीतून ताशे वाजत मूर्ती आल्या. त्या आवाजाने बिचारा थरथरत बैठकीच्या गादीवर चढला आणि नव्या पांढऱ्या अभ्र्यावर त्याने व्हावयाचे ते केले. शेजारी माझी मुदतठेवींची कागदपत्रे होती. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला दोन तडाखे दिले, मान धरून त्याचे नाक ओल्या जागेवर घासले, आणि परसातल्या खांबाला बांधून टाकले. लहानपणी शेजारीपाजारी असेच करताना पाहिले होते. इतकेच नव्हे, पाणी कमी तर लघवी कमी, असा कोणाचा तरी सल्ला ऐकून संध्याकाळी पाण्याचे भांडेही उचलून ठेवले. नातीने हे सर्व पाहिले. ती रडली नाही, बोललीही नाही. दुसऱ्या दिवसापासून गणिते विचारावयास ती माझ्याऐवजी आजीकडे जाऊ लागली, एवढेच.

दुसऱ्याच दिवशी दशलक्षण पर्व सुरू झाले. या दहा दिवसांत मंदिरात तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांपैकी रोज एकाचे वाचन होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मी बालपणापासून पाठ म्हणत आलो आहे: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे, अन्नपाणी रोखणे. ते ऐकताना मी मनातल्या मनात हिशेब केला. पाचांपैकी तीन माझ्या हातून एका दिवसात घडले होते, आणि तेही अभ्र्यासाठी! शेजारी बसलेल्या गृहस्थांनी प्रकृती बरी नाही का, असे विचारले.

तोवर घरी परिस्थिती बिघडली होती. गुळ्या माझ्यासमोर लघवी करीनासा झाला. परसात नेले तर पाय पोटाशी घेऊन उभा राही, आणि आत आल्यावर कपाटामागे किंवा पलंगाखाली उरकून घेई. मला वाटले, प्राणी लबाड आहे. लसीसाठी गेलो असता पशुवैद्यांना हे सांगितले. त्यांचे उत्तर असे की, घरात लघवी करू नये हे पिलू शिकलेलेच नाही. या माणसासमोर लघवी केली की मार बसतो, एवढेच ते शिकले आहे. मग ते परसात तुमच्यासमोर का करील? घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा त्याला कळत नाही. दोन-तीन सेकंदांपूर्वी जे केले, त्याच्याशीच ते मार किंवा शाबासकी जोडते. आपण रागावल्यावर ते मान खाली घालते, त्याला आपण अपराधीपणा समजतो. वस्तुतः ती भीती असते. काही पिले तर मोठ्या आवाजाने किंवा अंगावर वाकून आलेल्या माणसाला पाहूनच थोडी लघवी सोडतात. त्यांना दटावणे म्हणजे आणखी लघवी मागून घेणे होय.

त्या संध्याकाळी मी लाल कापडी बांधणीची एक जुनी वही काढली आणि गुळ्याची रोजकीर्द लिहावयास आरंभ केला. रकाने पाच: वेळ, झोपेतून उठला, खाल्ले, काय केले, कोठे केले. सूनबाई हसल्या, पण दहा दिवसांच्या नोंदींची खतावणी मांडली तेव्हा जे दिसले, ते मला नुसत्या नजरेने तीन आठवडे दिसले नव्हते. झोपेतून उठल्यावर दोन-तीन मिनिटांत लघवी. खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांत शौच. दहा मिनिटे भरात खेळल्यावर पुन्हा लघवी. या तिन्ही प्रसंगांच्या अधेमधे, तीन महिन्यांचे पिलू जागेपणी दोन-तीन तासांहून अधिक धरू शकत नाही. घरातील जवळजवळ प्रत्येक चूक ही अशा एखाद्या क्षणी आमच्यापैकी कोणीतरी दूरदर्शन पाहत होते, याची नोंद होती. थकबाकी त्याची नव्हती, आमची होती.

मग उपाय सरळ होता. उठले की परस, खाल्ले की परस, खेळले की परस, आणि मध्ये दर दोन तासांनी परस. नेहमी तीच जागा, तेच दार. पेरूच्या झाडाखालचा कोपरा. तेथे गेल्यावर गप्पा नाहीत, खेळ नाही, नुसते उभे राहावयाचे. काम झाले की त्याच क्षणी ‘शाबास’ आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा. घरात येऊन दिला तर तो घरात येण्याचा पगार होतो. आत चूक होताना दिसली तर न ओरडता उचलून बाहेर न्यावयाचे. मागाहून सापडली तर पुसून टाकावयाची आणि वहीत लिहावयाची. त्यापलीकडे काही नाही.

पुसण्यातही एक भाग आहे. अमोनियाच्या वासाची द्रावणे वापरू नयेत, कारण मूत्रालाही तोच दर्प असतो आणि पिलू पुन्हा तेथेच येते. आधी फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे, मग साबणाचे पाणी. उरलेला वास घालवावयास एन्झाइम असलेले द्रावण मिळते, ते उत्तम. फिनाइलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत पिलाला तेथे फिरकू देऊ नये. ते ओल्या फरशीवरून चालते आणि नंतर पाय चाटते.

लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, अनोळखी कुत्री फिरतात अशा जमिनीवर पिलाला उतरवू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिलांचा जीव घेतो. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत परस कोठून आणावयाचे, असे वाचक विचारतील. गच्चीच्या किंवा सज्जाच्या एका कोपऱ्यात मातीचा वा हिरवळीचा उथळ ट्रे ठेवून हीच शिस्त लावता येते. मात्र जागा रोज बदलू नये. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात द्यावी. गोदामातून किंवा रस्त्यावरून आणलेले पिलू खेळता खेळता दात लावते. रक्त निघो वा न निघो, जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन डॉक्टरांकडे जावे. यात भिडस्तपणा नको.

आहाराचा प्रश्न उरला होता. पशुवैद्य म्हणाले, मांजर आणले असतेत तर मी शाकाहाराला नाही म्हटले असते, कारण मांसाशिवाय तिचे चालतच नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढला. त्याला पिष्टमय अन्न पचविणारी जनुके लांडग्यापेक्षा अधिक मिळाली आहेत, हे २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. परंतु वाढीच्या वयात नुसता दूधभात घालाल तर हाडे वाकतील. प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण मोजूनच द्यावे लागते, आणि दुकानातील शाकाहारी खाद्य घ्यावयाचे तर ते प्रौढ कुत्र्यासाठी आहे की पिलासाठी, हे पाकिटावर वाचूनच घ्यावे. त्यांनी पनीर, डाळ, भात, भोपळा आणि खनिजांची पूड यांचे माप लिहून दिले. पेढीवरच्या काट्यावर दर रविवारी वजन करून त्यांना कळवावयाचे ठरले. मातोश्रींना मी तेव्हाच सांगितले की, वजन वाढले नाही तर डॉक्टर म्हणतील ते करावे लागेल. आपल्या व्रतासाठी दुसऱ्या जीवाची उपासमार करणे हाही अन्नपाननिरोधच. त्या दोन दिवस माझ्याशी तुटक वागल्या. वजन वाढत गेले, म्हणून तो प्रसंग आला नाही. आला असता तर काय झाले असते, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक योगायोग मात्र उपयोगी पडला. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, म्हणून गुळ्याचेही शेवटचे खाणे सहाच्या आत होई. परिणामी दहा वाजेपर्यंत त्याचे पोट मोकळे होई आणि रात्र बहुधा कोरडी जाई. पाण्याचे भांडे मात्र आता रात्रभर भरलेले असते.

कुत्र्यास विषारी पदार्थांची यादी डॉक्टरांनी सांगितली, तीत कांदा-लसूण ऐकून आम्ही निर्धास्त झालो. पुढचे नाव ऐकले आणि बंधूंचा चेहरा उतरला: द्राक्षे आणि बेदाणे. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होतील याचा नेम नाही. ज्या मालावर आमच्या घरातील दोन पिढ्या जगल्या, तोच! सौद्याचे नमुने आमच्या घरात टेबलावर, खिशात, पिशवीत कोठेही असत. आश्विनात एकदा फाटलेली पुडी सापडलीच. अर्ध्या तासात दवाखाना गाठला, डॉक्टरांनी उलटी करविली, दोन दिवस रक्त तपासले, निभावले. तेव्हापासून नमुने पेढीवरच राहतात.

बांधण्याविषयी मला अनेक जण विचारतात. बाहेर नेताना पट्टा हवाच, तो त्याच्या रक्षणासाठी आहे. जेवणाच्या वेळी त्याला आडव्या फळीपलीकडे ठेवणेही मी गैर मानत नाही. दुकानाच्या दाराशी दिवसभर साखळीला जखडलेले कुत्रे मात्र आपल्याच पेठांत मी पुष्कळ पाहिले आहे, आणि त्यांच्या मालकांना पाचही अतिचार पाठ असतात.

रोजकीर्दीच्या पहिल्या आठवड्यात घरातील चुकांची तेरीज ३१ होती, पाचव्यात ४. कार्तिकात पाहुण्यांची गर्दी झाली, तेव्हा पुन्हा ९ वर गेली, मग उतरली. माझ्याशी त्याची दिलजमाई व्हावयास वहीहून अधिक काळ लागला. मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो की तो अजूनही खोलीबाहेर जातो.

वही आता नात लिहिते, आणि गणितेही पुन्हा माझ्याकडे येऊ लागली आहेत. परवा दुपारी सर्वजण झोपले असता मातोश्री परसाच्या दाराशी माळ घेऊन बसल्या होत्या. गुळ्या आला, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि दाराकडे पाहू लागला. संध्याकाळी वहीत नोंद दिसली: ‘दुपारी ३.१०. पेरूखाली. कडी पणजीने काढली.’