तारण काय?

१९९४ साली मी लातूरच्या शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते. वेल्डिंगचे दुकान चालवणारा एक तरुण एके दिवशी वहीत काढलेले दोन आसनी विमान घेऊन आला. वजन हलके, पंख मोठे. कमी वेगातच उचलले जाईल, म्हणून आखूड धावपट्टी पुरेल, असे त्याचे गणित.

"साहेब, तेव्हा असं एखादं असतं तर औषधं तरी लवकर पोचली असती."

मी विचारले, "तारण काय?"

वडिलांची तीन एकर जमीन, तीही पीककर्जात अडकलेली. प्रस्ताव परत केला. नियमाने मी बरोबरच होतो.

निवृत्तीनंतर नांदेडला आलो आणि २०१६ च्या फेब्रुवारीत अमोल यादव यांची बातमी वाचली. पेशाने वैमानिक, कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलेले! क्रेनने उतरवून ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले. घरच्यांनी दागिने, घर पणाला लावले होते. म्हणजे तारण होते. फक्त बँकेपुढे नव्हते, घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेले. विमान तयार होऊनही नोंदणीला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाणे झाली ती २०२० साली.

मध्यंतरी लातूरला गेलो, तेव्हा ते वेल्डिंगचे दुकान शोधले. तिथे आता मोबाइल विकतात. वही त्याने परत नेली होती, एवढे मात्र नक्की आठवते.