न दिसलेली दुसरी रेघ

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, की आधी दक्षिणद्वार सोहळ्याची बातमी येते. मंदिरातल्या पादुकांवरून वाहून पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, भाविक स्नानाला धावतात. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी तेवढ्यावर थांबलं नाही. पूर ओसरला की मागे चिखल उरतो, आणि ताप. डेंग्यू, लेप्टो, मलेरिया. 2021 च्या जुलैत तर कोरोनाही होताच.

त्या काळात आमच्या घरी अँटिजेन पट्टीवर एकच रेघ उमटली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून ती न दिसलेली रेघ माझ्या डोक्यातून जात नाही.

एप्रिल 2020 मध्ये चीनहून आलेल्या अँटिबॉडी किटचे निकाल जुळेनात म्हणून आयसीएमआरने त्यांचा वापर थांबवला. जूनमध्ये अँटिजेन किटला मान्यता मिळाली. तपासणीत त्या किटची संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के भरली होती, म्हणजे शंभर बाधितांतले सोळा ते एकोणपन्नास जण निसटणार. पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायचा, पण लक्षणं असताना आलेली निगेटिव्ह पुन्हा तपासायची, हा नियम त्यातूनच आला. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ ही अँटिजेन चाचणी आली: 250 रुपये, 15 मिनिटं, घरच्या घरी.

रेघ हुकते कशी? नमुना कागदात झिरपत जातो, सोन्याचे अतिसूक्ष्म कण विषाणूच्या प्रथिनाला चिकटतात आणि पुढच्या रेघेवर अडकून लाल दिसतात. प्रथिन कमी असेल तर कण थोडेच अडकतात. रेघ असते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संशोधकांनी सोन्यावर चांदीचा थर चढवून ती गडद केली, कागदातला प्रवाह मंद करून कणांना अडकायला वेळ दिला, चमकणारी रंगद्रव्यं वापरली. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेतल्या देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या ‘फेलुदा’ या कागदी पट्टीच्या कोरोना चाचणीनं सप्टेंबर 2020 मध्ये 96 टक्के संवेदनशीलता गाठली; पण त्यात आधी यंत्रात जनुकाच्या प्रती वाढवाव्या लागत. रेघ कागदावर उमटे, तरी प्रयोगशाळा सुटत नव्हती. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

पुरानंतरच्या तापांचंही तसंच: डेंग्यूची पट्टी पॉझिटिव्ह आली तरी आजही पक्क्या निदानासाठी रक्त प्रयोगशाळेत एलायझा चाचणीला पाठवतात. एरवी ते जातंही. वाडीला चहूकडून पाणी वेढतं, त्या दिवसांत आरोग्य सेविकेच्या हाती पट्टीच असते.